कपाटावरचा तो फोटो कुणाचा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमच्या मैदानाच्या कडेला एक खोली आहे. बॉल, जाळ्या, कोन आणि कुणाचा तरी विसरलेला एकच मोजा, असं सगळं तिथं कोंबलेलं असतं. तिथल्या लोखंडी कपाटाच्या दारावर आतल्या बाजूनं मी एक फोटो चिकटवलाय. पोरींना सोडायला आलेल्या आई-बापांना तो दिसतो आणि हमखास प्रश्न येतो, "मॅडम, ही कोण?" कोल्हापुरात फुटबॉल कुणाला समजावून सांगावा लागत नाही. लीगमध्ये कुठली तालीम, म्हणजे इथला फुटबॉल क्लब, पुढं आहे हे पेठेतल्या आज्जीलाही ठाऊक असतं. मेस्सी सगळे ओळखतात, रोनाल्डो ओळखतात. हिला मात्र कुणी ओळखत नाही. "इंग्लंडची मिडफिल्डर," एवढं बोलून मी कपाट लावते, कारण पोरी वॉर्मअप सोडून गप्पा मारत बसलेल्या असतात. आज जरा निवांत आहे.

तिचं नाव फारा विल्यम्स. जन्म १९८४चा, लंडनच्या बॅटरसी भागातली. इंग्लंडकडून ती १७२ सामने खेळली. पुरुषांमध्ये हा विक्रम पीटर शिल्टन या गोलकीपरचा आहे, १२५ सामन्यांचा. म्हणजे बाई असो वा पुरुष, इंग्लंडची जर्सी घालून इतक्या वेळा दुसरं कुणीच मैदानात उतरलेलं नाही. गोल ४०, आणि तेही मधल्या फळीत खेळून.

आता तुमच्यातल्या कुणी मोबाईलवर तिचं नाव शोधलंच, तर पहिली येईल ती बेघरपणाची गोष्ट. ती सांगणारच आहे, पण आधी खेळ. नाहीतर होतं काय, लोक हळहळतात, "बिचारी" म्हणतात आणि ती खेळायची कशी हे विचारायचंच राहून जातं.

वेगानं डोळे दिपवणारी ती नव्हती. पण बॉल पायाशी यायच्या आधीच तिची मान दोनदा मागं वळलेली असायची. कोण कुठं आहे हे तिला आधीच कळलेलं असायचं. मग एक स्पर्श, आणि मैदानाच्या या टोकाचा बॉल त्या टोकाच्या विंगरच्या, म्हणजे कडेनं पळणाऱ्या खेळाडूच्या पुढ्यात. पोरींना तिच्या क्लिप दाखवताना मी सांगते, पाय नका बघू, मान बघा. पहिले चार दिवस त्या पायच बघतात. फ्री किक आणि पेनल्टी ही तर तिची हक्काची कामं. थांबलेल्या बॉलपुढं तिच्याइतकं शांत उभं राहणारं माणूस मी क्वचितच पाहिलंय.

आणि आता ते दुसरं. सतरा वर्षांची असताना घरातल्या वादातून ती बाहेर पडली. पुढची सहा-सात वर्षं तिला स्वतःचं असं घर नव्हतं. कधी बेघरांसाठीचं हॉस्टेल, कधी रस्ता. इंग्लंडकडून पहिला सामना खेळली ती नोव्हेंबर २००१ मध्ये, पोर्तुगालविरुद्ध. सन नीट बघा. म्हणजे आधी बेघर आणि मग स्टार, असं झालंच नाही. दोन्ही एकाच वेळी चालू होतं. इंग्लंड संघाचं शिबिर असेल तेव्हा हॉटेलची खोली, गरम जेवण, छातीवर तीन सिंहांचं चिन्ह. शिबिर संपलं की पुन्हा हॉस्टेल. रस्त्यावर कुणी जवळ येऊ नये म्हणून वेड लागल्यासारखे आवाज काढायचे, ही युक्ती आपण वापरायचो, असं तिनं नंतर सांगितलं. संघातल्या बहुतेकींना तिनं यातलं काही कळू दिलं नव्हतं. हे कसं जमलं असेल याचा मी बराच विचार केला. मला वाटतं, खेळाडूच्या खांद्याला बॅग असतेच. त्या बॅगेत फक्त बूट आहेत की अख्खा संसार, हे कोण उघडून बघतंय?

इथं बापमंडळींपैकी कुणीतरी म्हणतंच, "असं कसं? देशाकडून खेळते आणि राहायला घर नाही?" हाच प्रश्न खरा. कारण देशाकडून खेळण्यात तेव्हा पैसाच नव्हता. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं ५ डिसेंबर १९२१ ला आपल्या क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी घातली. हा खेळ बायकांना अयोग्य आहे, हे कारण दिलं. प्रेक्षक येत नव्हते असं मात्र अजिबात नाही, उलट गर्दी होत होती. ती बंदी टिकली जवळजवळ पन्नास वर्षं. एवढा काळ दार बंद ठेवल्यावर ते उघडलं तरी आत काय असणार? फारा खेळायला लागली तेव्हा बहुतेक जणी दिवसा नोकरी करायच्या आणि संध्याकाळी सराव. असोसिएशननं २००९ मध्ये पहिल्यांदा १७ खेळाडूंशी थेट करार केले, वर्षाला १६,००० पौंडांचे. तोवर फाराला इंग्लंडकडून खेळायला लागून सात वर्षं उलटून गेली होती.

तिला सावरलं ते एव्हर्टननं. नेमकं सांगायचं तर तिथल्या प्रशिक्षक मो मार्ली यांनी. चेल्सी, मग चार्लटन, असं करत ती २००४ मध्ये लिव्हरपूल शहरातल्या या क्लबात आली. मुलांना फुटबॉल शिकवायच्या कामाकडं मार्लींनीच तिला वळवलं. त्या कामातून मिळकत आली, मिळकतीतून राहायची सोय. एव्हर्टनकडून तिनं २०१० मध्ये आर्सेनलला ३-२ असं हरवून एफए कप, म्हणजे असोसिएशनचा चषक, जिंकला. पुढं ती त्याच शहरातल्या लिव्हरपूल क्लबात गेली. आपल्याकडं कुणी या तालमीतून त्या तालमीत गेलं की गल्लीत किती दिवस चर्चा चालते ते तुम्हाला माहीतच आहे. २०११ आणि २०१२ मध्ये लिव्हरपूलच्या बायकांचा संघ लीगमध्ये तळाला होता. ही आली, आणखी काही चांगल्या जणी आल्या, आणि २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ दोन वर्षं विजेतेपद. त्यानंतर आर्सेनल, शेवटी रेडिंग.

माझ्या कपाटावरचा फोटो मात्र २०१५चा, कॅनडातल्या विश्वचषकातला. त्या स्पर्धेत तिनं तीन पेनल्टी मारल्या. पहिली कोलंबियाविरुद्ध, ती जरा सोपी म्हणू. दुसरी उपांत्य सामन्यात जपानविरुद्ध. जपान १-० नं पुढं होता, हिनं बरोबरी साधली. मग भरपाई वेळेत इंग्लंडच्या लॉरा बॅसेटच्या पायाला लागून बॉल स्वतःच्याच जाळ्यात गेला आणि सगळं संपलं. बॅसेटला रडताना पाहून मीही रडले होते, तेही यूट्यूबवर, निकाल आधी माहीत असून.

तीनच दिवसांनी, ४ जुलैला, त्याच एडमंटन शहरात तिसऱ्या जागेसाठी जर्मनीशी गाठ. इंग्लंडच्या बायकांनी जर्मनीला तोवर एकदाही हरवलेलं नव्हतं. २००९ मध्ये युरोच्या, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेच्या, अंतिम सामन्यात याच जर्मनीनं ६-२ असा धुव्वा उडवला होता, आणि त्या पराभवात फारा मैदानावर होती. नव्वद मिनिटं ०-०. जादा वेळ सुरू झाला. १०८व्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. समोर गोलमध्ये नादिने आंगेरर, जर्मनीकडून शेवटचा सामना खेळणारी. अशा वेळी पोरी काय करतात ते मी रोज बघते. घाई करतात, नाहीतर गोलकीपरकडं बघत बसतात. फारानं बॉल ठेवला, मागं आली, आणि गोल. १-०. इंग्लंडच्या बायकांना विश्वचषकात पहिल्यांदाच पदक मिळालं.

लोक याला जिद्द वगैरे म्हणतात. मला त्यात कसब दिसतं. एकच गोष्ट हजार वेळा केल्यावर अंगात मुरते ते. रस्त्यावर झोपल्यामुळं कुणाला पेनल्टी चांगली मारता येत नाही. उलट रस्त्यावर झोपावं लागलं नसतं, तर ती आणखी किती पुढं गेली असती, हे मला जास्त टोचतं.

२०२१ मध्ये, ३७व्या वर्षी ती थांबली. त्याआधी मूत्रपिंडाच्या आजारानं गाठलं होतं, त्यातूनही ती परत खेळली. पुढच्याच वर्षी वेम्ब्लीवर ८७,१९२ प्रेक्षकांसमोर इंग्लंडच्या मुलींनी जर्मनीला हरवून युरो जिंकला. तो चषक काही तिच्या हाती आला नाही. बेघर मुलींना ती फुटबॉल शिकवत आली आहे. बेघरांचा एक विश्वचषकही असतो, बरं का. भारताचा संघ तिथं नेतं ते आपल्या नागपूरचं स्लम सॉकर, विजय बारसे सरांचं. हे सांगितलं की मात्र सगळे मान डोलावतात, "हां हां, ते झुंड सिनेमावाले!"

परवा एका आईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मग मिळालं का हो तिला घर?"

मिळालं म्हटलं. आणि सोमवारी पोरीला शिन गार्ड घालून पाठवा, गेल्या वेळी नुसतीच आली होती.