पित्ताशयातले खडे, तेल नसलेला रस्सा आणि सोयाबीन : माझा अनुभव

माझं माहेर लातूर जिल्ह्यातलं, औसा तालुक्यात. पाऊस झाला की सोयाबीन पेरायचं, दसऱ्याच्या मागेपुढे रास करायची आणि मोंढ्यात नेऊन घालायचं, लहानपणापासून हेच बघितलंय. माझ्या शिक्षणाची फी त्याच पैशातून गेली. पण आमच्या घरात सोयाबीन कधी शिजलं नाही. आईच्या लेखी तूर, मूग, हरभरा खायचे आणि सोयाबीन विकायचं.

मागच्या वर्षी रविवारी मटण खाल्लं आणि रात्री उजव्या बाजूला बरगडीखाली असं दुखायला लागलं की पाठीतून खांद्यापर्यंत कळ जायची. दोनदा अ‍ॅसिडिटी समजून गोळी घेतली, तिसऱ्यांदा ह्यांनी ऐकलंच नाही, सोनोग्राफी केली तर पित्ताशयात खडे निघाले. दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं ठरलं, पण मुलीची दहावी तोंडावर होती म्हणून डॉक्टरांना विचारून अडीच महिन्यांनंतरची तारीख घेतली. ताप आला, डोळे पिवळे दिसले किंवा दुखणं थांबेना तर लगेच यायचं, असं त्यांनी बजावलं होतं. आणि तोपर्यंत फॅट कमी. आहारतज्ज्ञ बाईंनी मला दिवसाला साधारण ३० ग्रॅमची मर्यादा घालून दिली. कारणही नीट समजावलं, की जेवणातलं फॅट आतड्यात पोचलं की पित्त बाहेर टाकायला पित्ताशय आकुंचन पावतं, आणि त्यावेळी खडा तोंडाशी अडकला की ती कळ येते.

मटण बंद, अंड्याचा बलक बंद, पनीर बंद (पनीरमध्ये १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या वरच फॅट असतं, मी ते हलकं समजत होते). वरणभात, भाकरी आणि उकडलेल्या भाज्यांवर आठवडा काढला, पण रविवारी रस्सा नाही म्हणजे मला जेवल्यासारखंच वाटेना. तेव्हा सोयाबीनच्या वड्या आणल्या.

पाकिटाच्या मागे बघितलं, १०० ग्रॅमला प्रोटीन ५२ आणि फॅट अर्धा ग्रॅम. मला खरं वाटेना, कारण आम्ही सोयाबीन घालतो ते तेलासाठीच, दाण्यात २० टक्क्यांच्या आसपास तेल असतं. भावाला फोन केला तेव्हा उलगडा झाला. मिलमध्ये तेल काढून घेतल्यावर जे उरतं त्याचं पीठ करून उष्णता आणि दाबाखाली मशीनमधून काढतात, बाहेर येताना ते फुगतं आणि त्याला स्पंजासारखी जाळी पडते. म्हणजे वडीत तेल नसतं कारण ते आधीच डब्यात गेलेलं असतं.

मग मी खुशीत नेहमीसारखाच रस्सा केला, फक्त मटणाच्या जागी वड्या. कांदा तेलात परतला, अर्धी वाटी सुकं खोबरं, वर लालभडक कट. त्या रात्री परत दुखलं. मला रडू आलं, कारण मी मटणाला हातसुद्धा लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन हिशोब मांडला. खोबरं साधारण ४० ग्रॅम, त्यात साठ टक्क्यांहून जास्त तेल, म्हणजे २५ ग्रॅम. फोडणीला मोठे चार चमचे तेल, ते ५५ ग्रॅम. झाले ८०, चौघांत वाटले तरी माणशी २०. सगळं वाटणात आणि फोडणीत होतं, आणि वड्या स्पंजासारख्या असल्यामुळे त्यांनी ते पिऊनही घेतलं होतं.

ह्यानंतर मी दुकानात पाकीट उलटं करून वाचल्याशिवाय काही घेतलं नाही. फ्रोझन सोया कबाब आणले होते, पुढे मोठ्या अक्षरात कोलेस्टेरॉल नाही असं लिहिलेलं, मागे १०० ग्रॅमला १२ ग्रॅम फॅट. कोलेस्टेरॉल तर वनस्पतीच्या कुठल्याच पदार्थात नसल्यासारखंच असतं, शेंगदाण्याच्या तेलातही नसतं, त्यामुळे त्या ओळीचा मला काही उपयोग नव्हता. काही पाकिटांवर आकडे एका सर्व्हिंगचे असतात, ते १०० ग्रॅमवर आणूनच तुलना करावी लागते. घटकांची यादीही वाचायची, जे जास्त ते आधी लिहिलेलं असतं, त्यात पामतेल दुसऱ्या तिसऱ्या नंबरवर असेल तर मी पाकीट परत ठेवायचे. टोफू ब्रँडप्रमाणे बदलतो, मला एकात ४ ग्रॅम दिसलं आणि शेजारच्याच पाकिटात ९. सोया चाप बहुतेक ठिकाणी मैदा घालून केलेली असते आणि हॉटेलात तळून वर मलई घालतात, ती मी सोडूनच दिली. शेवटी वड्या, त्याच मालाचा बारीक चुरा म्हणजे ग्रॅन्यूल्स, आणि कधीतरी कमी फॅटचा टोफू एवढंच राहिलं.

वड्यांचा वास हा खरा प्रश्न होता. मुलगी नाक दाबून उठून जायची. बऱ्याच वेळा करून बघितल्यावर जे जमलं ते असं, की पाण्यात मीठ, हळद, ठेचलेलं आलं-लसूण घालून खळखळून उकळायचं, त्यात वड्या ८-१० मिनिटं ठेवायच्या, ते पाणी फेकून द्यायचं, गार पाण्यातून काढून घट्ट पिळायच्या आणि असं परत एकदा करायचं. पिळण्यात आळस केला तर आतलं पाणी तसंच राहतं, मसाला आत जात नाही आणि खाताना ओलं फडकं चावल्यासारखं लागतं. मोठ्या वड्या मी पिळून झाल्यावर अर्ध्या कापते. मग साय काढलेल्या दुधाचं दही, तिखट, मीठ, लिंबू लावून अर्धा तास ठेवते आणि नॉनस्टिक तव्यावर तेल न घालता कडा लाल होईपर्यंत भाजते. ह्या भाजण्यानेच त्याला मटणाच्या जवळ जाणारा चिवटपणा येतो, वासही बराचसा जातो.

राहिला रस्सा. खोबरं, तीळ, खसखस, शेंगदाण्याचं कूट, आपल्या दाटपणाच्या सगळ्या वस्तू तेलाच्याच. नुसत्या कांदा-टोमॅटोचा रस्सा पाणचट व्हायचा. एकदा फोनवर आईला हे सांगत होते तर ती म्हणाली, "अगं मग येसर लाव की, त्याला कुठं खोबरं लागतंय." मला इतक्या दिवसांत हे सुचलं नव्हतं! मराठवाड्याबाहेरच्यांसाठी सांगते, येसर म्हणजे धान्यं, डाळी आणि मसाले भाजून दळलेलं पीठ, लग्नाकार्यात ह्याची आमटी असते. आईने डाळी-धान्यं आणि मसाले सगळं कोरडंच भाजून एक डबा पाठवला.

आता कांदा गॅसवर सालासकट काळा होईपर्यंत भाजते, सोलून आलं, लसूण, कोथिंबिरीबरोबर वाटते. पातेल्यात एकच छोटा चमचा तेल, तो मोजूनच, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत, त्यात जिरं आणि वाटण, करपायला लागलं की गरम पाण्याचा शिपका. तिखट, काळा मसाला, मग दोन मोठे चमचे येसर गार पाण्यात कालवून (गरमात घातलं तर गुठळ्या होतात), उकळी आली की भाजलेल्या वड्या आणि झाकण ठेवून दहा मिनिटं मंद आचेवर. कट येत नाही, पण वास घरभर सुटतो. कोरड्या वड्या माणशी २५-३० ग्रॅम पुरतात, त्यातूनच १३ ते १५ ग्रॅम प्रोटीन मिळतं. जास्त खाल्ल्या की मला गॅस व्हायचा, म्हणून आठवड्यातून तीनदाच. सासूबाईंना थायरॉईडची गोळी आहे, सोयामुळे ती नीट शोषली जाण्यात अडथळा येऊ शकतो म्हणून डॉक्टरांना विचारून त्यांना ह्या वड्या फक्त रात्रीच्या जेवणात वाढते.

ऑपरेशन होईपर्यंत परत एकदाही दुखलं नाही. मला टाके पडले तेव्हा आई पुण्याला आली, आणि घरी आल्यावर पहिल्या रविवारी तिनेच उभं राहून हा रस्सा केला. ज्वारीची भाकरी कुस्करून खाल्ली, एक वडी बोटाने दाबून बघितली आणि म्हणाली, "आपल्याच रानातलं आहे का गं हे?" मी म्हटलं, असेलही. जाताना तिने दोन पाकिटं पिशवीत घालून नेली.