पणजीत ट्राम आणायची, तर रूळ कुठून न्यावेत?

गोव्याच्या कदंब परिवहन महामंडळाच्या विद्युत बसगाड्या पणजीत धावू लागल्या, ही चांगलीच गोष्ट झाली. धूर कमी झाला आणि इंजिनाची घरघरही कमी झाली. मात्र अठरा जून रस्त्यावर संध्याकाळी या गाड्याही मोटारींच्या त्याच रांगेत अडकून पडतात आणि त्यांतले प्रवासी दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वतःची दुचाकी बाहेर काढतात. त्यामुळे जुन्या, अरुंद शहराच्या वाहतुकीचा विचार करताना गाडी कशावर चालते याच्याइतकेच तिला रस्त्यात हक्काची जागा मिळते की नाही, हे पाहायला हवे, आणि मला ट्रामचे महत्त्व वाटते ते याच कारणासाठी.

ट्राम आपल्याला अगदीच परकी नाही. मुंबईत १८७४ मध्ये घोड्यांची आणि १९०७ पासून विजेची ट्राम धावत होती. १९६४ मध्ये ती बंद झाली. युरोपातल्या अनेक शहरांनीही त्याच सुमारास रूळ उखडले होते, पण त्यांतल्या काहींनी पुढे ते पुन्हा घातले. फ्रान्समधील बोर्दो शहराने २००३ मध्ये ट्राम परत आणली, तेव्हा जुन्या इमारतींच्या दर्शनी भागांसमोर तारांचे जाळे नको म्हणून रुळांच्या मधोमध जमिनीतूनच वीज देण्याची सोय केली. त्या पट्टीचा जेवढा तुकडा गाडीखाली येतो, तेवढ्यातच वीज सोडली जाते. नीस शहरातल्या ट्रामने २००७ पासून जुन्या चौकांपुरता बॅटरीचा मार्ग पत्करला. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस आला की पणजीच्या सखल भागांत पाणी तुंबते, हे लक्षात घेता आपल्याकडे जमिनीतल्या विजेपेक्षा बॅटरीच अधिक योग्य ठरेल, असे मला वाटते.

पणजीच्या ट्रामचा विषय निघाला की लिस्बनच्या अठ्ठावीस क्रमांकाच्या ट्रामचे नाव हमखास घेतले जाते आणि फोंताईन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीच्या रंगीत घरांमधून तशीच पिवळी गाडी धावावी, अशी इच्छा व्यक्त होते. त्या गाड्यांचे कौतुक मलाही आहे. १९३० च्या दशकात बांधलेले ते लहान डबे डागडुजी करून आजही चढणी चढतात. इतके दीर्घ आयुष्य बसला लाभत नाही. परंतु त्या मार्गावर पर्यटकांची इतकी गर्दी असते की तिथल्या रहिवाशांनाच गाडीत शिरणे अवघड होते, आणि रुळांलगत एखादी मोटार वेडीवाकडी उभी राहिली की ट्राम खोळंबते, कारण तिला बाजूने वळसा घालता येत नाही. फोंताईन्हासमध्ये छायाचित्रे काढणाऱ्यांच्या वर्दळीने रहिवासी आधीच त्रासले आहेत. त्या गल्ल्यांमध्ये रूळ नकोत. त्या चालणाऱ्यांसाठी मोकळ्या राहाव्यात आणि ट्रामने ओरेंच्या खाडीलगत, वस्तीच्या कडेला थांबावे.

रूळ घालायचेच असतील, तर ते मांडवीच्या काठाने, दयानंद बांदोडकर मार्गावरून घालावेत. पाटोच्या बसस्थानकावर मडगाव, म्हापसा आणि फोंड्याहून आलेला माणूस उतरतो. तिथून निघालेली ट्राम जुने सचिवालय, बेतीच्या फेरीबोटीचा धक्का, कांपाल आणि मिरामार असे थांबे घेत दोनापावल्यापर्यंत जाऊ शकेल. २०११ च्या जनगणनेत पणजी शहराची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास होती, आणि तेवढ्यावर ट्रामचा खर्च पेलणार नाही हा आक्षेप रास्त आहे. दिवसा नोकरी, शिक्षण आणि सरकारी कामांसाठी येणारा लोंढा मात्र त्या आकड्यात दिसत नाही, आणि रस्ते भरतात ते प्रामुख्याने त्याच्यामुळे. सुमारे तीस मीटर लांबीच्या जोडट्राममध्ये दोनशेच्या आसपास माणसे मावतात. तेवढी माणसे मोटारींतून आली की पूर्ण रस्ता व्यापतात.

पूर्वेकडे, जुन्या गोव्यापर्यंत मार्ग नेण्याचा मोह होतो, कारण तिथे सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवप्रदर्शनाच्या काळात आणि ३ डिसेंबरच्या त्यांच्या फेस्ताला (सणाला) भाविकांची रीघ लागते. पण वाटेत पाटो ते रायबंदर हा सतराव्या शतकातला लिन्यारिस सेतू आहे. मिठागरे आणि खारफुटी यांच्यामधून जाणाऱ्या या बांधावर नवे वजन आणि रोजची कंपने लादण्याआधी त्याची कसून तपासणी व्हायला हवी. पुढे रायबंदरला तर घरांचे सोपे थेट रस्त्याला भिडलेले आहेत. या बाजूला तूर्त बसच बरी.

दुचाकीस्वारांची अडचण मला सर्वांत मोठी वाटते. रस्त्याच्या पातळीत बसवलेल्या रुळाला आतल्या बाजूने खाच असते आणि दुचाकी रुळाला समांतर जाऊ लागली की तिचे चाक त्या खाचेत अडकू शकते; पावसात तर ओल्या पोलादावरून टायर घसरतो. गोव्यात कामाला जाणारी स्त्री, पायलट म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवरून प्रवासी नेणारा, पोदेरासारखाच (पाववाल्यासारखाच) दारोदार फिरणारा मासेविक्रेता, सगळेच दुचाकीवर असतात. म्हणून ट्रामचा पट्टा उंचवट्याने पूर्ण वेगळा करावा लागेल आणि तो ओलांडायच्या जागी दुचाकीला रूळ शक्यतो काटकोनात ओलांडता येतील, अशी रस्त्याची आखणी हवी.

गोव्याला मिळणारी बरीच वीज राज्याबाहेरच्या कोळशावरच्या केंद्रांतून येते, त्यामुळे ट्राम आली म्हणजे प्रदूषण संपले असे होत नाही. तरीही पोलादी चाक पोलादी रुळावर फिरताना ऊर्जा कमी लागते आणि टायर झिजून उडणारी धूळ होत नाही.

गेल्या काही वर्षांत पणजीकरांनी खोदलेल्या रस्त्यांचा पुरेसा त्रास सोसला आहे, त्यामुळे लगेच रूळ घालायला घ्या असे मी म्हणणार नाही. आधी बांदोडकर मार्गावरचा एक पट्टा फक्त विद्युत बसगाड्यांसाठी राखून ठेवावा, तिथले पार्किंग हटवावे आणि ही व्यवस्था एक पूर्ण पावसाळा चालवून पाहावी. गाड्या वेळेवर धावू लागल्या आणि प्रवासी वाढले, तर त्याच पट्ट्यात पुढे रूळ घालता येतील. आणि मोटारींसाठी तो पट्टा पुन्हा खुला करण्याची मागणी मान्य झाली, तर ट्रामचा प्रस्ताव तिथेच थांबवावा.