पावसात टिकणारी फेल्ट हॅट: घेताना काय बघायचं, भिजल्यावर काय करायचं

फेल्टची, म्हणजे लोकर किंवा लव दाबून घट्ट केलेल्या कापडाची, हॅट पावसात भिजणारच. दुकानदार ‘वॉटरप्रूफ’ म्हणाला तर हसून पुढे जावं. चांगली हॅट मध्यम पाऊस बराच वेळ झेलते, थेंब ब्रिमवरून, म्हणजे भोवतालच्या रुंद कडेवरून, ओघळून जातात, डोकं कोरडं राहतं. मग हळूहळू ती पाणी प्यायला लागते आणि जड होते. खरी परीक्षा इथून पुढे आहे. चिंब झालेली हॅट दोन दिवसांनी वाळली की तिचं माप आणि आकार होता तसाच राहतो का? स्वस्तातल्या हॅटची विकेट इथेच पडते.

सगळ्यात आधी लेबल वाचा. ‘१०० टक्के वूल फेल्ट’ लिहिलं असेल तर ती मेंढीच्या लोकरीची. उन्हाला, थंडीला, भुरभुर पावसाला ती ठीक, पण सरी अंगावर घ्यायच्या असतील तर नको. लोकरीचा तंतू जाड असतो. तो एकमेकांत अडकतो खरा, पण जाळं सैलसरच राहतं, आणि हॅटचा ताठपणा बराचसा वरून लावलेल्या खळीवर अवलंबून असतो. ही खळ पुष्कळदा पाण्यात विरघळणारी असते. दोन-तीनदा भिजली की ब्रिम लोंबायला लागते, क्राउन, म्हणजे डोक्यावरचा उंच भाग, बसतो आणि वाळताना लोकर आटते. ५८ सेंमी मापाची हॅट ५७ च्या डोक्याला बसेनाशी होते.

पावसासाठी हवं ते फर फेल्ट: सशाचं, हेअरचं (रानसशाचं) किंवा बीव्हर या पाण्याकाठच्या प्राण्याचं. वरचे राठ केस काढून टाकतात आणि कातडीलगतची मऊ, बारीक लव तेवढी वापरतात. ती लव गरम पाणी, वाफ आणि दाब देऊन आटवत नेतात. सुरुवातीचा भला मोठा शंकू शेवटी हॅटच्या मापाचा होतो. तंतू इतके घट्ट अडकलेले असतात की पाण्याला शिरायला वाट कमी मिळते, आणि आकार धरायला खळही कमी लागते. बीव्हरची लव सगळ्यात दाट, म्हणून पाणी झटकण्यात ती अव्वल आणि किमतीतही. रोजच्या वापराला सशाचं चांगलं फेल्ट पुरेसं आहे. बीव्हरसाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजणं मला तरी हौसेचा मामला वाटतो.

सशाच्या फेल्टची पंढरी म्हणजे ऑस्ट्रेलिया. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने व्हिक्टोरियातल्या आपल्या बारवन पार्क इस्टेटीवर शिकारीसाठी ससे सोडले आणि पुढे त्या सशांनी अर्धा देश कुरतडला. त्याच सशांच्या लवीवर तिकडचा हॅटचा धंदा उभा राहिला. अकुब्रा या तिथल्या हॅट कंपनीचं नाव १९१२ पासूनचं, आणि १९७४ पासून त्यांचा कारखाना न्यू साउथ वेल्समधल्या केम्प्सी गावात आहे. तिकडच्या सैनिकांची एका बाजूने दुमडलेली स्लाउच हॅटही सशाच्या फेल्टचीच. आपल्याकडे २६ जानेवारीच्या संचलनात गोरखा पलटणींच्या डोक्यावर तिरकी बसलेली दिसते, तीही फेल्ट हॅटच. मेलबर्न-सिडनीला नातेवाईक असतील तर हॅट तिकडूनच मागवावी, फक्त माप नीट कळवावं. त्याबद्दल पुढे.

अमेरिकन हॅट बघत असाल तर आतल्या बाजूला ‘४ एक्स’, ‘१० एक्स’ असे शिक्के दिसतील. एक्स जास्त तितकं फेल्ट बारीक, असा साधारण अर्थ. पण या एक्सला सगळ्या धंद्यात मिळून ठरलेलं असं कोणतंच प्रमाण नाही. प्रत्येक कंपनीचा एक्स वेगळा. एकाच कंपनीच्या दोन हॅट ताडून बघायला तो कामाचा, दोन कंपन्यांच्या हॅट ताडायला निरुपयोगी.

आता खळीकडे वळू, कारण हॅट नासते ती बहुतेक वेळा इथे. चांगल्या फर फेल्टला ताठपणा देण्यासाठी परंपरेने लाख वापरतात. आपल्या झारखंड-छत्तीसगडच्या जंगलात कुसुम-पळसाच्या फांद्यांवर होते तीच लाख, शुद्ध करून चपड्याच्या रूपात. लाख पाण्यात विरघळत नाही, म्हणून ती पावसाला चालते. ती विरघळते स्पिरिटमध्ये आणि सोड्या-साबणासारख्या क्षारी पाण्यात, आणि उष्णतेने मऊ पडते. हॅटचे निम्मे नियम या एका गोष्टीतून निघतात. हॅट साबणाने धुवायची नाही. डाग काढायला सॅनिटायझर लावायचं नाही, त्यात स्पिरिट असतं. बंद गाडीच्या काचेखाली उन्हात ठेवायची नाही. काही हॅटमध्ये लाख ठासून भरतात, म्हणजे साधं फेल्टही दुकानात कडक आणि भारी वाटतं. अशी काळी किंवा गडद तपकिरी हॅट भिजून वाळली की तिच्यावर पांढुरके ठिपके उमटतात. ती लाख पृष्ठभागावर आलेली असते. ओलसर वाफ देऊन ब्रश केला तर ठिपके थोडे जातात, पुन्हा भिजली की परत येतात.

दुकानात हॅट हातात आली की पहिल्यांदा ब्रिमची कड दोन बोटांत धरून हळूच खाली वाकवा आणि सोडा. चांगलं फेल्ट चटकन जागेवर येतं, वाकवलेल्या जागी रेघ उमटत नाही. पुठ्ठ्यासारखा करकर आवाज आला तर खळ जास्त आहे. मग हॅट उजेडासमोर धरा आणि क्राउनच्या आतून बघा. प्रकाश कुठे जास्त झिरपतोय? विशेषतः पुढची चिमटी, म्हणजे क्राउनला समोर जिथे दोन्हीकडून दाबलेलं असतं ती जागा. तिथे फेल्ट ताणलेलं असतं आणि पुढेमागे भोक पडतं ते तिथेच. ब्रिमच्या पोटावरून अंगठा फिरवा. जाडी सगळीकडे सारखी लागली पाहिजे, कुठे पातळ-कुठे जाड नको. पांढरा रुमाल किंचित ओला करून ब्रिमच्या खालच्या बाजूला घासा. रंग लागला तर पहिल्या पावसात तो शर्टाच्या कॉलरवर येणार. हाच रुमाल रिबिनीवरही घासा. फिक्या रंगाच्या हॅटवर गडद रिबीन असेल आणि तिचा रंग कच्चा असेल, तर पावसानंतर ब्रिमवर जी कडी उठते ती निघत नाही. रंगवलेल्या कातड्याच्या पट्ट्याचंही तेच.

दुकानदार हो म्हणाला तर ब्रिमखाली बोटाने पाण्याचा एक थेंब ठेवून बघा. तो गोल मण्यासारखा राहिला पाहिजे. लगेच पसरून आत गेला तर हॅट जागेवर ठेवा.

आतली घामाची पट्टी बघायला बहुतेक लोक विसरतात. भिजल्यावर हॅट घट्ट होते तेव्हा पुष्कळदा फेल्ट आटलेलं नसतंच, कातड्याची पट्टी आटलेली असते आणि ती फेल्टला आत ओढते. पट्टी खरोखर कातड्याची आणि मऊ हवी, शिवलेली हवी. चिकटवलेली पट्टी दोन पावसाळ्यांत सुटते. ती बाहेरच्या बाजूला उलटवून बघा. सहज उलटली पाहिजे, कारण वाळवताना हे दरवेळी करायचं आहे. रेक्झिनची पट्टी आटत नाही हे खरं, पण घाम शोषत नाही आणि काही वर्षांत तिला तडे जातात.

माप घेताना टेप कपाळाच्या मध्यावरून आणि कानांच्या जरा वरून, जिथे हॅट बसते तिथून फिरवा. टेप आवळू नका. येतात ते सेंटिमीटर हेच माप. ५७ सेंमी म्हणजे अमेरिकन पद्धतीत ७ १/८ आणि ब्रिटिश पद्धतीत ७. हा एक-अष्टमांशाचा फरक लक्षात न ठेवल्यामुळे कितीतरी हॅट परत जातात. म्हणून ऑनलाइन मागवताना कायम सेंटिमीटरमध्येच बोला. दोन मापांच्या मधे अडकलात तर मोठं घ्या. पट्टीच्या मागे फोमची पातळ पट्टी सरकवून सैल हॅट घट्ट करता येते. घट्ट हॅट सैल करणं अवघड, आणि पावसानंतर ती आणखी घट्टच होणार.

ब्रिम ७ ते ९ सेंटिमीटर ठीक. त्यापेक्षा अरुंद असेल तर पाणी मानेवर, रुंद असेल तर वाऱ्यात हॅट उडते आणि पाठपिशवीला मागून घासत राहते. पावसासाठी ब्रिम पुढे आणि मागे किंचित खाली वळलेली हवी. सगळीकडून वर वळलेली ब्रिम पाणी साठवते आणि मान खाली घातली की ते सगळं एकदम समोर ओतते. कडेला रिबीन शिवलेली ब्रिम दिसते झकास, पण ती रिबीन फेल्टपेक्षा उशिरा वाळते आणि कच्ची असेल तर आकसून ब्रिमला लाटा पाडते. कापलेली, उघडी कड उत्तम. क्राउनच्या बाजूंना हवेसाठी जाळीची किंवा पितळी भोकं असतील तर मुसळधार पावसात थोडं पाणी आत येतं. उकाड्याच्या प्रदेशात तेवढं सोसावं.

हॅट भिजली की घरी आल्यावर आधी झटका. जोरात नाही, मनगटाने दोन-तीनदा. सुक्या सुती फडक्याने टिपा, पुसू नका. पुसलं की लव चोळली जाते. आतली पट्टी पूर्ण बाहेर उलटवा आणि हॅट त्या पट्टीवर उभी ठेवा, म्हणजे ब्रिम जमिनीला न टेकता अधांतरी राहते आणि हवा दोन्हीकडून खेळते. क्राउनच्या खळगी, चिमटी ओलेपणीच बोटांनी नीट करा, ब्रिमचा बाक सारखा करा. वाळताना जो आकार असेल तोच पक्का होतो. पंखा लांबून चालेल. हेअर ड्रायर, हीटर, गॅसजवळची जागा, कडक ऊन यांपैकी काहीही नको. गरम करून वाळवलेली हॅट आटतेच, आणि कातडं कडक होतं ते वेगळं. पूर्ण वाळायला एक ते दोन दिवस द्या. अर्धवट ओली हॅट कपाटात ठेवू नका.

चिखल उडाला तर हात लावू नका. वाळू द्या, मग मऊ ब्रशने झटका. ब्रश घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवायचा, लव त्याच दिशेने बसवलेली असते. तेलकट डागावर मुलतानी मातीची कोरडी पूड पसरून रात्रभर ठेवा आणि सकाळी झटकून टाका. फिक्या हॅटवर हे छान जमतं. गडद हॅटवर पूड तंतूंत अडकून राखाडी दिसते, तिथे कोरडा स्पंजच बरा.

आकार बिघडलाच तर वाफ. किटलीच्या तोंडापासून एक वीत अंतरावर हॅटचा बिघडलेला भाग दहा-पंधरा सेकंद धरा. लाख मऊ पडते. मग वाफेतून बाजूला घेऊन हाताने आकार द्या आणि गार होईपर्यंत तसंच धरून ठेवा. इथे घाई नडते. गरम असतानाच सोडलं तर फेल्ट मूळ वाकडेपणाकडे परत जातं. वाफ कातड्याच्या पट्टीवर जाऊ देऊ नका.

पाणी झटकणारे फवारे मिळतात. स्वेड कातड्याला चालतो तसला फवारा फेल्टला चालतो. आधी ब्रिमच्या पोटावर एक छोटा ठिपका मारून वाळू द्या आणि रंग बदलतोय का बघा. मग २०-२५ सेंमीवरून दोन हलके हात, मधे पूर्ण वाळवून. एकच जाड हात दिला तर लव चिकटते आणि धूळ ओढते. मेण किंवा वॅक्स फेल्टला लावू नका, ते मेणकापडाच्या टोपीचं काम आहे.

एक गोष्ट स्पष्टच सांगतो. जुलैमधल्या सह्याद्रीत, आंबोली-महाबळेश्वरच्या पावसात फेल्ट हॅट नेऊ नका. पाऊस ती कदाचित सोसेल, पण तिथे ती वाळणार कुठे? हवाच ओली असते, चार दिवस पट्टी दमट राहते आणि कातड्यावर बुरशी धरते. तिथे नायलॉनची टोपी आणि रेनकोटचं डोकं बरं. फेल्टचा खरा प्रांत म्हणजे अधूनमधून सर येऊन नंतर कोरडं होणारं हवामान: ऑस्ट्रेलियातला हिवाळा, हिमालयातल्या पायवाटा, आपल्याकडे देशावरचा परतीचा पाऊस.

हॅट उचलताना दोन्ही हातांनी ब्रिमला धरा, चिमटीला नाही. विमानात डोक्यावर घालून या. बॅगेतच न्यायची असेल तर क्राउनमध्ये मोजे भरा, हॅट उलटी ठेवा आणि ब्रिमखाली कपड्यांचा सपाट थर द्या.

घरी सांभाळायची ती कसरीपासून. सशाची लव म्हणजे कसरीच्या अळ्यांना मेजवानी. फेल्टवर लव खरवडल्यासारखा गुळगुळीत चट्टा किंवा बारीक भोक दिसलं तर समजा, लागली. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर कापडात गुंडाळून, फेल्टला चिकटून नकोत. कसर लागलीच असेल तर हॅट ब्रश करून प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि फ्रीझरमध्ये उणे १८ अंशाला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंदच राहू द्या, नाहीतर गार फेल्टवर हवेतलं दव जमून हॅट पुन्हा ओली होते.