तुम्ही विचारलंत म्हणून: मोबाईल गेम बनवायला शिकायचं तर सुरुवात कुठून?

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो, बहुतेक बारावी झालेल्या मुलांकडून, कधी त्यांच्या आईवडिलांकडूनही, आणि पाठोपाठ दुसरा असतोच की क्लास कुठला लावू. क्लासचं नंतर बघा. आधी गोडॉट हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर डाउनलोड करा, फुकट आहे, 2014 पासून ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, आणि त्यातली कोड लिहायची भाषा जीडीस्क्रिप्ट ही पायथॉनच्या वळणाची असल्यामुळे थोडं पायथॉन येत असेल तर पटकन हात बसतो. युनिटी हे तसंच दुसरं सॉफ्टवेअरही चांगलंच, तिथे सी शार्प ही भाषा लागते. गेम नको, साधं ॲप हवंय, म्हणजे दुकानाची उधारी नाहीतर दुधाचा हिशोब, तर मग कोटलिन ही भाषा किंवा फ्लटर हे ॲप बनवायचं साधन.

पहिला गेम एका बोटाने खेळता येईल असाच घ्या. माझा होता आंबे पडतात आणि टोपली सरकवायची. माझ्या फोनवर मस्त चालायचा, मामेभावाच्या फोनवर टाकला तर आंबे दुप्पट वेगाने पडायला लागले, दोन रात्री शोधत बसलो तेव्हा कळलं की माझी स्क्रीन सेकंदाला 60 वेळा नव्याने काढली जाते आणि त्याची 120 वेळा, आणि मी लिहिलेलं की दर फ्रेमला, म्हणजे दर वेळी स्क्रीन काढली जाईल तेव्हा, आंबा 5 पिक्सेल खाली आण. मग वेग सेकंदाच्या हिशोबात लिहिला, 300 पिक्सेल, आणि त्याला डेल्टाने गुणलं, डेल्टा म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ. एका ओळीची दुरुस्ती, पण ती मला आजवर कधी परत शोधावी लागली नाही, आणि म्हणूनच म्हणतो की व्हिडिओ बघत बसू नका, काहीतरी छोटं पूर्ण करा.

आता ऑनलाइन. इथे सगळ्यांना पहिल्याच दिवशी शंभर जणांची मारामारी हवी असते. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे एका फ्रेमला जेमतेम 16 मिलिसेकंद, आणि फोनवरून सर्व्हरला, म्हणजे सगळ्या खेळाडूंना जोडणाऱ्या मधल्या कॉम्प्युटरला, जाऊन परत यायला बऱ्याचदा त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो, तोवर समोरचा कुठे असेल याचा फोनला अंदाज बांधावा लागतो, हे पहिल्या वर्षी खरंच नको. पाळीपाळीने खेळायचं काहीतरी घ्या, लुडो घ्या. मी लुडोत फासा फोनवरच टाकायचो आणि आकडा सर्व्हरला पाठवायचो, एका मित्राने तो मेसेज मध्येच बदलून दर वेळी सहा पाडून दाखवले. फासा सर्व्हरनेच टाकायचा, फोनने फक्त मागायचा आणि आलेला आकडा दाखवायचा, सोंगटी कुठे जाऊ शकते तेही सर्व्हरनेच तपासायचं. अख्खा डाव सर्व्हरवर असला की एसटी घाटात शिरून रेंज गेली तरी वर आल्यावर खेळ होता तिथूनच पुढे चालू.

प्ले स्टोअरला एकदाच 25 डॉलर भरायचे, ॲपलला दरवर्षी 99, त्यामुळे सुरुवात अँड्रॉइडवर करा. पण प्ले स्टोअरवर नवीन वैयक्तिक खातं असेल तर आधी 12 टेस्टर, म्हणजे गेम वापरून बघणारे लोक, सलग 14 दिवस टेस्टिंगमध्ये असावे लागतात. बरेच जण यावर वैतागतात, मला तो नियम आवडतो. फोन घरच्यांच्या हातात द्या आणि काही न बोलता नुसतं बघा. माझी आत्या किती वेळ गेमच्या नावावरच बोट दाबत होती, कारण बटणापेक्षा तेच जास्त बटणासारखं दिसत होतं. त्याच संध्याकाळी नाव वर सरकवलं आणि बटण दुप्पट मोठं केलं.