एक दगड परत दिला

नेवाशाचे गुरुजी सकाळी साडेनऊलाच दारात. खांद्यावर खताची रिकामी गोणी आणि तिच्या तळाशी पाच-सहा किलो दगड. "ताई, मागच्या खेपेसारखेच चकचकीत करा. नातीला शाळेच्या प्रदर्शनात मांडायचेत." मागच्या वेळी दोनच किलो होते आणि निघालेही छान. त्यामुळे या खेपेला उत्साह दांडगा.

दगड आले की मी ते आधी धुते आणि ओले असतानाच बघते. ओला दगड जसा दिसतो, साधारण तसाच तो पॉलिशनंतर दिसतो. ओला असूनही जो मातकट दिसतो, त्याच्यासाठी दगड घासत फिरवणाऱ्या पॉलिशच्या ड्रमची मोटर महिनाभर कशाला चालवायची? मग सगळे उन्हात मांडते. दगड सुकतो, पण भेगेतलं पाणी रेंगाळतं आणि केसासारखी काळी रेघ उठून दिसते. असा दगड ड्रममध्ये फुटतो, आणि त्याच्या कपच्या शेजाऱ्यांना ओरबाडतात.

निम्मी गोणी काळ्या दगडांनीच भरलेली. गुरुजींना त्यांच्यावरचे पांढरे ठिपके फार आवडलेले. पण ते ठिपके झिओलाइट नावाच्या मऊ खनिजाचे, चाकूने खरवडले की पूड निघते. ड्रममध्ये ठिपका आधी झिजतो, खड्डा पडतो. पहिल्या आठवड्याचं ऐंशी नंबरचं ग्रिट, म्हणजे घासायची जाड रवाळ पूड, त्या खड्ड्यात दडून बसतं आणि नेमकं शेवटच्या पॉलिशच्या वेळी बाहेर येतं. धुऊन धुऊन किती धुणार? माझा एक अख्खा ड्रम असाच ओरखड्यांनी वाया गेलाय, तेव्हापासून सच्छिद्र काळा दगड मी घेत नाही.

मग एक पांढराशुभ्र खडा निघाला. "हा स्फटिक," गुरुजी म्हणाले. चाकूची रेघ सहज उमटली. व्हिनेगरचा थेंब टाकला तर बारीक बुडबुडे. कॅल्साइट. एक ते दहाच्या मोजपट्टीवर त्याचा कठीणपणा ३, गारगोटीचा ७. दोघांना एकत्र फिरवलं तर गारगोट्या राहतील आणि याचं पीठ होईल.

"म्हणजे नापास?"

"या वर्गात नापास."

गुरुजी हसले.

उरला खरा माल: अकीक, लाल जास्पर, दुधी कॅल्सेडोनी. लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत सिलिका साचली, तेच हे गोटे. भोवतीचा काळा दगड झिजला की ते सुटून नदीत येतात. मागून टॉर्च धरला की अकीक कडेने उजळतो. मी भराभर डाव्या टोपलीत टाकत होते, आणि एका दगडाशी हात थांबला.

अंगठ्याएवढा, मधाच्या रंगाचा. भेग नाही, टॉर्चखाली सुंदर. पण बाकीच्या गोट्यांच्या कडा वाहून वाहून बोथट झालेल्या, याच्या मात्र बोटाला लागत होत्या. एका अंगाला वरून खाली पाच उभ्या पन्हळी, एकमेकींना समांतर, आणि काहींच्या वरच्या टोकाला नखाएवढी खोलगट वाटी. आपोआप फुटलेला दगड इतका शिस्तीत फुटत नाही.

"गुरुजी, हा नदीत सापडला?"

"छे. विहीर खोदली ना, त्या मातीच्या ढिगात."

हा गाभा होता. कुणीतरी त्याच्यावरून दगडी पाती काढली होती. नेवाशाला डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ सांकलिया यांनी १९५४ पासून उत्खनन केलं, त्यात ताम्रपाषाण काळातली, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरायचे त्या काळातली, अशी पाती निघाली, हे गुरुजींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. वर्गात शिकवलं होतं त्यांनी. तरी तो दगड हातात धरून ते बराच वेळ गप्प होते. मी तो कागदात गुंडाळला आणि वर विहिरीची जागा लिहायला लावली. ड्रममध्ये गेला असता तर आठवड्यात त्या पन्हळी गेल्या असत्या.

"ताई, मागच्या खेपेत काही नव्हतं ना असं?"

दर खेपेचा धुतल्यावर मी फोटो काढते. मोबाइलवर शोधला, मोठा केला. कोपऱ्यात दोन लांबट, पातळ तुकडे, पाठीवर सरळ कणा. मला आठवलं, गोट्यांमधल्या फटी भरायला बारीक कपच्या लागतात, म्हणून मीच ते मुठीने आत टाकले होते.

गुरुजींनी नातीला फोन लावला. "बाळा, डबीतले सगळ्यात पातळ दोन खडे बाजूला काढून ठेव."

पलीकडून ती म्हणाली, "आजोबा, सगळे सारखेच गुळगुळीत आहेत."