तुम्ही विचारलंत म्हणून: पोरींचा ग्रुप टिकत का नाही?

कोल्हापुरात राजारामपुरीत माझा डान्स क्लास आहे. संध्याकाळी सातच्या बॅचला वर पोरींची प्रॅक्टिस चाललेली असते आणि खाली जिन्यात त्यांच्या आया बसलेल्या असतात. हल्ली पोरींना गाणाऱ्या-नाचणाऱ्या कोरियन मुलींच्या ग्रुपचीच गाणी हवी असतात. महिन्यातून एकदा तरी जिन्यातून प्रश्न येतो. "काय वो मॅडम, ह्या पोरींचे ग्रुप एवढे गाजत्यात आन् चार-सहा वर्सांत फुटत्यात. बायकांचं एकमेकींशी पटतच न्हाई, न्हवं?" वडीलही विचारतात, मंडळाचे कार्यकर्ते विचारतात. परवा एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी जेवताना विचारलं. वरचं गाणं संपत आलेलं असतं, म्हणून मी दर वेळी अर्धंमुर्धं काहीतरी बोलते आणि पळते. आज नीट सांगते.

माझ्या मते आधी फुटतो तो हिशेब. पोरी पुष्कळदा शेवटपर्यंत एकमेकींना धरून असतात.

हे मी लांबून बघून बोलत नाही. २००२ साली मी कॉलेजात होते. चॅनल व्ही या गाण्यांच्या वाहिनीवर 'पॉपस्टार्स' नावाची स्पर्धा लागायची, त्यातून पाच मुली निवडून 'व्हिवा' हा ग्रुप केला. सीमा रामचंदानी, प्रतिची महापात्रा, नेहा भसीन, महुआ कामत, अनुष्का मनचंदा. ही पाच नावं मला तेव्हापासून पाठ आहेत. आमच्याकडे केबल नव्हती. शेजारच्या काकूंच्या दारात उभी राहून बघायचे. आपल्यासारख्या दिसणाऱ्या, आपल्या वयाच्या पाच मुली, कुणाच्या मागे नाचायला नाही तर स्वतःच्या नावावर स्टेजवर. मला ते बघून रात्री झोप आली नव्हती. पुढे महुआ बाहेर पडली, दुसरा अल्बम चौघींनी केला आणि काही वर्षांत ग्रुप संपला. नेहा आणि अनुष्का हिंदी सिनेमात गात राहिल्या. आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर तेव्हाही हेच बोललं गेलं, की भांडल्या असतील.

त्याच उमेदीत आम्ही चौघींनी आमचा ग्रुप काढला होता. शाहूपुरीत एकीच्या गच्चीवर सराव. गणपती, नवरात्र, गॅदरिंग, कुठेही जायचो. कार्यक्रमांच्या सुपाऱ्या आणणारा एक माणूस होता, त्याचं नाव इथे नको. त्याने आम्हाला ड्रेस शिवून दिले, टेपवर गाणी भरून दिली, यायला-जायला टेम्पो दिला. आम्हाला वाटलं, केवढा भला माणूस. कार्यक्रम झाला की म्हणायचा, "आधी शिलाई फिटू दे." मग टेम्पोचं भाडं, मग नवीन ड्रेस. सतरा कार्यक्रम केले आणि पैसे हातात पडले ते तीन वेळा. किती फिटलं, किती राहिलं, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. सुचलं तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही पोरी, तुम्हाला काय कळणार हिशेबातलं." आमच्यातली एकजण बी.कॉम.ला पहिल्या वर्गात होती.

तिच्या वडिलांनी तिचं नाचायला येणं बंद केलं. एकीचं लग्न ठरलं. उरलो दोघी, दोघींचा काय ग्रुप होणार? गल्लीत सगळ्यांनी ठरवून टाकलं, पोरींचं फिसकटलं. आम्ही चौघी आजही दसऱ्याच्या आधी एकत्र अंबाबाईला जातो.

कोल्हापूरच्या माणसाला हे सगळं एका शब्दात कळतं, तो शब्द म्हणजे उचल. दसऱ्याच्या आसपास मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाने त्यांना आधीच उचल दिलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि हंगामभर तोडलेला ऊस त्या उचलीत वळता होतो. फिटली तर वर चार पैसे, नाही फिटली तर पुढच्या हंगामाला पुन्हा तोच मुकादम. तमाशाच्या फडातही उचलच असते. फडमालकाने दिलेली उचल अंगावर असली की कलावंताला दुसऱ्या फडात जाता येत नाही, टाळ्या कितीही पडोत.

कोरियातल्या मुलींची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हाच शब्द आठवला. बारा-तेरा-चौदा वर्षांच्या मुली कंपनीत शिकायला जातात. गाणं, नाच, भाषा, राहणं, जेवण, कपडे, सगळा खर्च कंपनीचा. सगळ्याच कंपन्या तो अंगावर टाकत नाहीत, मोठ्या कंपन्या पुष्कळदा शिकवण्याचा खर्च सोडून देतात. पण लहान कंपन्यांत ग्रुप बाजारात आला की मिळकतीतून आधी तो खर्च वळता होतो आणि मग मुलींच्या हाती काही पडतं. तोवर एखादीची तीन-चार वर्षं गेलेली असतात. करार किती वर्षांचा, यावरही तिथे मोठं भांडण झालं. २००९मध्ये टीव्हीएक्सक्यू या मुलांच्या ग्रुपमधले तिघे कोर्टात गेले, कारण त्यांचा करार होता तेरा वर्षांचा. त्याच वर्षी तिथल्या सरकारी आयोगाने नमुना करार काढला, जास्तीत जास्त सात वर्षांचा. म्हणून तिथे सातव्या वर्षी इतके ग्रुप संपतात. लोक त्याला सात वर्षांचा शाप म्हणतात. शाप कसला? तारीख आहे ती, कागदावर लिहिलेली.

आणि हे फक्त कोरियात होतं असंही नाही. अमेरिकेत टीएलसी म्हणून तिघींचा ग्रुप होता, टी-बॉझ, लेफ्ट आय आणि चिली. १९९४च्या त्यांच्या अल्बमच्या एकट्या अमेरिकेत एक कोटीवर प्रती गेल्या. तो अल्बम दुकानातून हातोहात जात होता त्याच काळात, १९९५मध्ये, तिघींनी दिवाळखोरीचा अर्ज केला. इतर कर्जंही होती, पण मुळात करारात त्यांच्या वाट्याला येणारी रॉयल्टी थोडी आणि त्यातून पुन्हा खर्च कापलेला. हे मी जिन्यातल्या एका ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "एक कोटी? आन् हातात काय न्हाई?" मग बराच वेळ गप्प बसल्या. त्यांचे मिस्टर साखर कारखान्यात आहेत.

उलट इंग्लंडचा स्पाइस गर्ल्स हा ग्रुप बघा. १९९४मध्ये लंडनच्या एका नाट्यविषयक साप्ताहिकात जाहिरात आली, गाता-नाचता येणाऱ्या मुली पाहिजेत म्हणून. त्यातून निवडलेल्या मुलींना एका घरात ठेवून तयार केलं. पण त्यांच्याकडून करारावर सही घ्यायची राहून गेली होती. मुलींना आपली किंमत कळली आणि १९९५मध्ये त्या सगळ्या मिळून तिथून निघाल्या, दुसरा मॅनेजर गाठला, आणि १९९६च्या जुलैत त्यांचं पहिलं गाणं आलं. पुढे १९९८मध्ये पाचजणींतली जेरी बाहेर पडली तेव्हा सगळ्या जगाने बोट दाखवलं, पटलं नाही म्हणून. त्या पाचजणी एकत्र घराबाहेर पडल्या होत्या, हे कुणी सांगत नाही. मला तो क्षण फार मोठा वाटतो. आमच्या चौघींना तो जमला नाही.

कोर्टात गेलं की सुटतं असंही मी म्हणणार नाही. फिफ्टी फिफ्टी हा चौघींचा कोरियन ग्रुप नोव्हेंबर २०२२मध्ये आला, अगदी लहान कंपनीचा. फेब्रुवारी २०२३मधलं त्यांचं गाणं बघता बघता अमेरिकेच्या हॉट १०० या गाजत्या गाण्यांच्या यादीत गेलं. जूनमध्ये चौघी कंपनीविरुद्ध कोर्टात. हिशेब दाखवला नाही, तब्येतीकडे बघितलं नाही, असं त्यांचं म्हणणं. ऑगस्टमध्ये कोर्टाने अर्ज फेटाळला. कीना नावाची मुलगी कंपनीकडे परतली, बाकी तिघींचे करार कंपनीने मोडले. २०२४मध्ये कीनाबरोबर चार नव्या मुली घेऊन त्याच नावाने ग्रुप पुन्हा उभा राहिला. माझ्या क्लासमधल्या पोरींत यावर दोन तट आहेत आणि मी मध्ये पडत नाही. मला एवढंच दिसतं की गाणं त्यांनी म्हटलं, नाव मात्र कंपनीचं होतं.

आता एक गोष्ट, जी मी प्रत्येक नव्या बॅचला दाखवते. सप्टेंबर २०१५, कोरियातलं इंजे गाव, उघड्यावरचा कार्यक्रम. जीफ्रेंड या सहाजणींच्या ग्रुपचं गाणं चाललंय. पावसाने स्टेज निसरडं झालेलं. यूजू नावाची मुलगी पडते. उठते. पुन्हा पडते. एकदा तर अशी आपटते की बघणाऱ्याच्या पोटात कळ यावी. पुन्हा उठून ती आपल्या जागेवर जाते आणि तिच्या वाटणीची ओळ आली की गाते. कुणीतरी प्रेक्षकांतून काढलेला तो व्हिडिओ जगभर फिरला आणि त्या लहान कंपनीच्या ग्रुपला लोक ओळखायला लागले.

तो बघताना माझा उजवा गुडघा दुखतो, हे खरं सांगते. अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री एका मंडळापुढे आमचं स्टेज म्हणजे लाकडी फळ्या आणि वर ताडपत्री. पाऊस थांबला होता, पण ताडपत्रीच्या घडीतलं पाणी फळ्यांवर ठिबकत होतं. मी काठावर होते. चौघींच्या फॉर्मेशनमध्ये जागा बदलताना मधली दोन पावलं टाकते तेवढ्या वेळात काठावरचीला सहा-सात टाकावी लागतात, तेही हसत. मी घसरले. पुढच्या चार मात्रांत उठले आणि आठव्या मात्रेला जागेवर होते. शेजारचीने नाचता नाचता डावा हात मागे केला होता, मी धरावा म्हणून. प्रेक्षकांना ती स्टेपच वाटली. बायकांचं पटत नाही असं कुणी म्हटलं की मला तो मागे केलेला हात आठवतो.

जीफ्रेंडचं पुढे काय झालं? मे २०२१मध्ये करार संपला आणि संपणार हे लोकांना कळलं ते जेमतेम चार दिवस आधी. एवढ्या वेळा पडून उठलेल्या मुलींना चार दिवस. पण जानेवारी २०२५मध्ये, दहा वर्षं झाली म्हणून, सहाच्या सहाजणी पुन्हा एकत्र स्टेजवर आल्या. पटत नसतं तर आल्या असत्या?

ब्रेव्ह गर्ल्स या कोरियातल्याच ग्रुपची गोष्ट तर पोरी मला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात. त्यांचं 'रोलिन' हे गाणं मार्च २०१७चं, तेव्हा कुणी विचारलं नाही. लष्कराच्या छावण्यांत जाऊन जवानांपुढे त्या ते गात राहिल्या. चार वर्षं गेली, ग्रुप बंद करायचं जवळजवळ ठरलं. फेब्रुवारी २०२१मध्ये कुणीतरी त्या छावण्यांतल्या कार्यक्रमांचे तुकडे आणि त्याखालची जवानांची बोलणी जोडून एक व्हिडिओ टाकला आणि पुढच्याच महिन्यात ते जुनं गाणं देशात पहिल्या नंबरवर गेलं. इथे पोरी टाळ्या वाजवतात. मी पुढचंही सांगते. फेब्रुवारी २०२३मध्ये करार संपला, चौघी दुसऱ्या कंपनीत गेल्या आणि नाव झालं बीबीगर्ल्स.

एक गोष्ट मी मोठ्या पोरींनाच सांगते, आणि आया-बाबांना मुद्दाम. २०१९च्या ऑक्टोबरात सुली ही कोरियन गायिका वारली, पंचविसाव्या वर्षी. नोव्हेंबरात तिची मैत्रीण गू हारा, अठ्ठाविसाव्या वर्षी. दोघी मोठ्या ग्रुपमधून आलेल्या, आणि दोघींना अनोळखी लोकांनी ऑनलाइन जे जे लिहिलं ते मी इथे लिहू शकत नाही. कपड्यांवरून, वजनावरून, कुणाबरोबर फिरते यावरून. तुमच्या मुलीच्या व्हिडिओखाली कोण काय लिहितं ते वाचत जा. तिला रागवायला नको, फक्त तिच्या शेजारी बसून वाचा.

आणि टिकलेल्यांची नावंही घ्या की! कोरियातलाच ट्वाइस हा ग्रुप, ऑक्टोबर २०१५पासून नऊजणी. २०२२मध्ये सात वर्षं भरत आली तेव्हा नऊच्या नऊजणींनी करार पुढे वाढवला. नऊ पोरी हो! आमच्या हाउसिंग सोसायटीत नऊजणांचं पाण्याच्या टाकीवर एकमत होत नाही. तिथल्याच गर्ल्स जनरेशन या ग्रुपच्या आठजणी पंधराव्या वर्षी, २०२२मध्ये, पुन्हा गायला आल्या. जिथे कागद नीट आणि पैसा वेळेवर, तिथे पोरी राहतात.

म्हणून माझ्या क्लासमधून कुठलाही ग्रुप बाहेर कार्यक्रमाला गेला की वही जाते. गेल्या महिन्यात पाचजणींना एका मंडळाने बोलावलं. पाकीट आल्यावर मी त्यांना जमिनीवर गोल बसवलं. ड्रेसची शिलाई, रिक्षा, मेकअपचं सामान, एकेक आकडा त्यांनीच लिहिला. उरलेल्याचे पाच भाग. सगळ्यात लहान, आठवीतली, पैसे मोठ्याने मोजत होती, आणि मोजता मोजता थांबली.

"मॅडम, तुम्ही गाण्याचं कटिंग करून आणलं, त्याचे पैसे लिहिलेच नाहीत. आमच्या अंगावर तुमची उचल किती?"

मी आकडा सांगितला. तिने तो वहीत लिहिला, बाकीच्या चौघींनी वाचून बघितला, आणि खाली पाचजणींनी सह्या केल्या.