'मी केलो' आणि माद्रिदचा भूतकाळ

माझी लॅटिन अमेरिकेतल्या पेरू देशाची एक सहकारी दुपारी जेवताना म्हणाली की, आजचा अहवाल तिने सकाळीच तयार केला. त्यासाठी तिने 'ईसे' (मी केले) हे स्पॅनिश रूप वापरले. शेजारी बसलेल्या माद्रिदच्या गृहस्थांनी तिला लगेच दुरुस्त केले. आजची गोष्ट असेल तर 'ए एचो' (मी केले आहे) म्हणायचे, असे त्यांचे म्हणणे. जिची मातृभाषाच स्पॅनिश आहे तिला भूतकाळ शिकवला जात आहे, हे पाहून मला फार वाईट वाटले. सोलापूरहून पुण्याला शिकायला गेलेल्या कोणालाही त्याचे कारण सांगावे लागणार नाही.

'आथेर' म्हणजे करणे. स्वयंपाक, व्यायाम, गृहपाठ यांना तर हे क्रियापद लागतेच, पण थंडी पडल्याचे सांगतानाही तेच वापरतात. माद्रिदमध्ये काल केलेल्या कामासाठी 'ईथे' आणि आज किंवा या आठवड्यात, म्हणजे अजून न संपलेल्या काळात केलेल्या कामासाठी 'ए एचो' म्हणण्याचा प्रघात आहे. लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागात मात्र आजच्या कामालाही साधे रूपच, म्हणजे 'ईथे'च, चालते आणि त्याचा उच्चार 'ईसे' होतो. इतकेच कशाला, स्पेनमधल्याच गालिसिया, आस्तुरियास आणि कॅनरी बेटांवरही कल साध्या रूपाकडेच आहे. तेव्हा त्या गृहस्थांनी सांगितली ती माद्रिदची रीत होती. साऱ्या स्पॅनिश भाषेचा तो नियम नव्हे.

माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. प्रमाण मराठीत भात केला, पोळी केली, वरण केले; क्रियापद चालते ते केलेल्या वस्तूप्रमाणे. स्पॅनिशमध्ये वस्तू कोणतीही असो, मी केले तर 'ईथे', तू केलेस तर 'ईथीस्ते', त्याने किंवा तिने केले तर 'ईथो'. क्रियापद कर्त्याचे ऐकते. आमच्या सोलापूर-लातूरकडे 'मी काम केलो', 'मी जेवण केलो' असे सर्रास बोलतात, तेव्हा तेथेही क्रियापद कर्त्याचेच ऐकत असते. ज्या रूपासाठी आम्हाला पुण्यात हसले गेले, त्याच धर्तीची रचना स्पॅनिशच्या शालेय व्याकरणात सन्मानाने छापलेली आहे. लेखनात मी प्रमाण मराठीच वापरतो आणि ती मला प्रियही आहे, परंतु 'केलो' हे अडाण्याचे बोलणे आहे, असे यापुढे मी कोणालाही म्हणू देणार नाही.

स्पॅनिशच्या वर्गात सगळे इंग्रजीच्या आधाराने समजावतात, ही माझी खरी तक्रार आहे. इंग्रजीच्या 'डिड'मध्ये 'ईथे' (मी केले) आणि 'आथीआ' (मी करीत असे) दोन्ही मावतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. मराठी माध्यमात रीतिभूतकाळ शिकलेल्या माणसाला ही अडचण फारशी येऊ नये. 'लहानपणी मी रोज सूर्यनमस्कार करीत असे' येथे 'आथीआ' आणि 'काल मी सूर्यनमस्कार केले' येथे 'ईथे' वापरावे. 'दोन वर्षे मी रोज व्यायाम केला' असे म्हणताना मात्र कृती रोजची असली तरी काळाला शेवट आहे, म्हणून तेथेही 'ईथे'च येते. घरी बसून स्पॅनिश शिकणाऱ्यांनी वहीत ही रूपे इंग्रजीऐवजी मराठी वाक्यांशेजारी मांडावीत, असे मी आग्रहाने सुचवतो.